परतीचा रकाना

तंबूची शेवटची खुंटी काही केल्या निघेना. रखवालदाराने ती दगडाने इकडून ठोकली, तिकडून ठोकली, मग उकिडवा बसून दोन्ही हातांनी हलवली. पण गारठ्याने जमीन आवळून धरली होती, आणि जमिनीने खुंटी. समोर ती बाई तंबूचं ओलं कापड दोन्ही हातांवर पेलून उभी होती, झोपलेल्या मुलाला उचलून घ्यावं तशी.

"राहू द्या, काका," ती म्हणाली. "एक राहिली तर राहिली."

त्याने ती काढलीच. मातीत उरलेलं बोटभर भोक त्याने बुटाच्या टाचेने बुजवलं, आणि मग पुन्हा एकदा बुजवलं.

तंबू तिच्या धाकट्या भावाचा होता. वीस दिवसांपूर्वी तो डोंगरातल्या ह्या उद्यानात एकटाच राहायला आला, ओढ्याकाठची जागा त्याने स्वतः निवडली, दुसऱ्या सकाळी वरच्या कड्याकडे चालत गेला, आणि त्यानंतर त्याला कुणी पाहिलं नाही. आता उद्यान हिवाळ्यासाठी बंद होत होतं. बाराही लाकडी खोल्यांतल्या गाद्या भिंतीला टेकवून झाल्या होत्या, गोठून फुटू नयेत म्हणून नळांतलं पाणी काढून टाकलं होतं, धुराड्यांवर पत्रे बसले होते. उरला होता एवढा एक तंबू. तो न्यायला बहीण आली होती.

कचेरी म्हणजे फाटकाजवळची एक खोली: शेगडी, दोन खुर्च्या, टेबल आणि भिंतीवरचा टेलिफोन. त्याने तिला शेगडीजवळ बसवलं, चहा ठेवला. काहीतरी बोलायचं म्हणून तिने विचारलं, खोल्यांत उंदीर असतात का. चार नंबरात त्यांचं सासर आहे आणि सात नंबरात माहेर, तो म्हणाला. ह्या वाक्याला पाहुणे वर्षानुवर्षं हसत आले होते. तीही हसली, ओठांपुरतं.

मग तिने वही मागितली.

डोंगरावर जाणाऱ्या प्रत्येकाने त्या वहीत लिहायचं, असा नियम होता: नाव, माणसं किती, जाण्याची वेळ, परतण्याची वेळ. दिवस मावळताना शेवटचा रकाना रिकामा दिसला की रखवालदाराने समजायचं, कुणीतरी वर राहिलं आहे. त्याने वही तिच्या मांडीवर ठेवली. पान शोधावं लागलं नाही. इतक्या दिवसांत वही त्या पानावर आपोआप उघडायला शिकली होती.

तिने भावाच्या ओळीवर बोट ठेवलं. जाण्याच्या वेळेच्या रकान्यात त्याने लिहिलं होतं, 'उजाडल्यावर'. बाकी सगळ्यांचे आकडे, ह्याचं एकट्याचं उजाडणं. परतीच्या रकान्यात होतं, ५.४०.

"म्हणजे खाली आला होता," ती म्हणाली.

रखवालदाराने कपात साखर घातली. ती आधीच घातलेली होती.

त्या संध्याकाळी पाऊस होता. वहीत तीन रकाने रिकामे राहिले होते. डोंगर उतरून आलेली माणसं दमलेली असतात, वहीशी थांबत नाहीत. रोज दोनतीन जण विसरायचेच, आणि रोज तो खोल्यांवरून एक फेरी मारून, त्यांना डोळ्यांनी पाहून, त्यांच्या वतीने वेळ टाकायचा. त्या दिवशी दोघं आपापल्या खोलीच्या दारात पाय पुसताना दिसले. तिसऱ्याच्या तंबूची चेन लावलेली होती. झोपला असेल, पावसात कशाला उठवायचं, असं मनाशी म्हणत तो लांबूनच वळला, आणि ह्या कोरड्या खोलीत येऊन त्याने तिसरा रकाना भरून टाकला.

चौथ्या दिवशीही तंबू तसाच बंद दिसला, तेव्हा फोन त्यानेच केला. शोधणारे आले. त्यांनी आधी वही पाहिली. माणूस कड्यावरून खाली आला आहे, हे तर वहीतच होतं. म्हणून त्यांनी ओढा धुंडाळला, पूल धुंडाळला, रस्ता आणि बसथांबे धुंडाळले. कड्याकडे कुणी गेलंच नाही. मोठा माणूस, घरातून भांडून आलेला, आपल्या पायांनी कुठेतरी निघून गेला असेल, असं त्यांच्या साहेबांनी ठरवलं आणि तीन दिवसांनी गाड्या परत गेल्या.

पहिल्या दिवशी बोलला असता तर ते एक वाक्य होतं. दुसऱ्या दिवशी त्याचा खडा झाला, तिसऱ्या दिवशी धोंडा. रोज तो धोंडा जिभेपर्यंत चढायचा आणि रोज गिळला जायचा. परवा कड्यावर पहिला बर्फ पडला. आणखी एकदा पडला की वाट बुजणार, ती थेट हिवाळा सरल्यावरच मोकळी व्हायची.

ती वहीकडे बघतच बोलत होती. भांडण तिच्याशीच झालं होतं. कशावरून, तर जेवायला उशिरा आला एवढ्यावरून. जा मग, कुणी अडवलंय तुला, असं ती म्हणून गेली होती. तो खरंच गेला. आता आई शेजारणींना सांगते, लेक माझा रुसलाय; डोंगर उतरून सुखरूप खाली आला होता, तसं लिहिलेलं आहे; राग ओसरला की दारात उभा राहील.

"हे पान नेऊ का मी?" तिने विचारलं. "आईला दाखवायला."

रखवालदाराने हातातला चमचा टेबलावर ठेवला. मग तो उचलून परत नीट, सरळ ठेवला.

"ताई, तो आकडा माझा आहे."

शेगडीतलं एक लाकूड जळून खाली बसलं.

"त्याने नाही लिहिला. मी लिहिला. त्याला परत आलेला मी पाहिलाच नाही."

मग त्याने सगळं सांगितलं. फेरी, तंबूची चेन, लांबूनच वळणं, शोधणाऱ्यांसमोर धरलेलं मौन. आपल्या बाजूने एक शब्दही घालायचा नाही असं ठरवूनही पाऊस त्याने दोनदा सांगितला. सांगून झाल्यावर तो मान खाली घालून थांबला, आता ही ओरडेल म्हणून.

ती ओरडली नाही. तिने वही मिटली आणि तिच्यावर दोन्ही तळवे ठेवले.

"माहीत आहे मला."

त्याने मान वर केली.

"साहेबांनी ह्या पानाचा फोटो पाठवला होता. तेव्हाच कळलं. उभ्या जन्मात घड्याळ वापरलं नाही हो त्याने. पाच चाळीस म्हणे. त्याला सकाळ, दुपार आणि भूक, एवढंच कळायचं."

किती दिवस झाले फोटो येऊन, असं त्याने विचारलं. बारा, ती म्हणाली. बारा दिवस तीही गप्प होती. रोज सकाळी साहेबांना सांगायचं म्हणून फोन हातात घ्यायची आणि आईच्या तोंडाकडे बघून ठेवून द्यायची. तंबूचं निमित्त. जे आपल्याने बोलवत नाही ते इथला माणूस तरी बोलतो का, हे बघायला ती इतका घाट चढून आली होती.

रखवालदार उठला. शोधपथकाचा नंबर टेलिफोनच्या वरच लिहिलेला होता. आधी कड्याचं सांगायचं, मग आपलं, असं तो ओठांतल्या ओठांत जुळवत होता. चार आकडे लावून झाले, तेव्हा ती मागून आली आणि टेलिफोनच्या खटक्यावर तिने हलकेच बोट ठेवलं.

"किती वाजले, काका?"

"सव्वा."

"हे लोक लगेच घरी फोन करतील. घरी फोन आईच उचलते." तिचं बोट खटक्यावरून हललं नव्हतं. "पहिले तीन दिवस तिने अन्नाला हात लावला नव्हता. तो खाली आला होता हे कळल्यापासून जेवते. एक वाजता पानावर बसते. आजचं जेवण होऊ दे तिचं."

त्याने रिसीव्हर जागेवर ठेवला.

दोघं खुर्च्या ओढून खिडकीशी बसले. कड्यावर ढग उतरत होता; आधी वरची झाडं गेली, मग त्यांच्या खालची, मग वाट. कुणी कुणाकडे पाहिलं नाही. चहा तसाच निवला. दीड वाजला तेव्हा रखवालदार गुडघ्यांवर हात टेकून अर्धवट उठला, आणि त्याने तिच्याकडे पाहिलं.

"अजून थोडं," ती म्हणाली. "तिला चावायला वेळ लागतो."