मी सुरू झालो ती दुपार

मी एक जुना डिझेल जनरेटर आहे, मित्रांनो. कुणी जुना म्हटलं की मला राग येतो, पण तुमच्याशी खोटं कसं बोलू? मुलुंडच्या एका सात मजली इमारतीत, जाळीच्या दाराच्या खोलीत मी एकवीस वर्षं काढली. आलो तेव्हा माझा रंग चकचकीत हिरवा होता आणि आवाज असा, की पहिल्याच दिवशी कावळ्यांनी शेजारच्या जांभळावरचं घरटं सोडलं.

सातव्या मजल्यावरचे लवूकाका मला सांभाळत. त्यांची गिरणी बंद पडली, पण यंत्रांची माया सुटली नव्हती. दर शनिवारी ते मला पाच मिनिटं चालवत आणि पुसत. लाईट गेली की लिफ्ट माझ्यावर चाले. लोक म्हणत, "झकास!" मग मी आणखी फुगत असे.

मग सोलर आलं. सोसायटीचे सेक्रेटरी नितेश सभेत म्हणाले, "सगळा देश तिकडे चाललाय. कच्छच्या रणात पॅनल, पठारांवर पवनचक्क्या. आपणच धूर खात बसायचं का? आता लाईट गेली तरी टेन्शन नाय, वर सूर्य बसलाय!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गच्चीवर पॅनल लागले. ना धूर, ना आवाज. मला त्यांचा फार हेवा वाटला. माझा चेंजओव्हर स्विच काढून टाकला गेला. माझी वीज बाहेरच्या केबलमध्ये जाऊ नये म्हणून तो असतो. मी भंगारात जायचा, म्हणजे तो कशाला, असा हिशेब होता.

मे महिन्यात एका दुपारी पावणेदोनला लाईट गेली आणि लिफ्ट चौथ्या मजल्याच्या थोडी वर अडकली. आत लवूकाकांच्या पत्नी सुगंधाकाकू एकट्याच होत्या. त्यांना दमा, आणि स्प्रे घरी राहिलेला. त्या दार ठोकत होत्या.

"एवढं रणरणतं ऊन आहे, मग लिफ्ट बंद कशी?" नितेश ओरडले.

पॅनल तपासायला आलेली संघमित्रा गच्चीवरून धावत खाली आली. "दादा, लाईट गेली की आपलं सोलर पण आपोआप बंद होतं. बाहेर केबलवर कोणी काम करत असलं तर त्याला शॉक बसू नये म्हणून. त्याला बॅटरी लागते, ती तुम्ही घेतलीच नाही."

"अगं, मग हे आधी कोणी सांगितलं नाही!"

"कागदावर लिहिलंय ना. तुम्ही सही केलीय."

लवूकाका तोवर माझ्यापाशी पोचले होते. "चल रे बाबा," ते म्हणाले, "आज माझी लाज राख." त्यांनी माझी लोंबकळणारी तार थेट बोर्डात जोडली आणि मला सुरू केलं. मित्रांनो, मला किती आनंद झाला म्हणून सांगू! मी धडधडलो, काळा धूर सोडला. आता फक्त माझा एक खटका वर करायचा होता. काकांचं बोट त्याच्यावर होतं.

संघमित्राने त्यांचं मनगट घट्ट धरलं.

"काका, थांबा! मेन बंद केलाय का?"

"सोड माका! माझी बायल वर घुसमटता आणि मी बघीत रवू?"

"गेटपाशी खड्ड्यात माणूस बसलाय. मी वरून बघितलाय. त्याचे हात केबलमध्ये आहेत. करंट सरळ त्याच्याकडे जाईल!"

माझ्या जाळीतून तो खड्डा दिसत होता. खाकी शर्टातली वाकलेली पाठ आणि बाजूला काढून ठेवलेले रबरी हातमोजे. संघमित्राने इमारतीला बाहेरच्या केबलपासून तोडणाऱ्या मेन स्विचचा दांडा ओढला, नितेश त्याला लटकले, पण वर्षानुवर्षं तेल न दिलेला दांडा गंजून बसला होता. वर दाराचे ठोके मंदावत चालले. काकांचं बोट अजून खटक्यावरच होतं. आणि मी? मी अजून चालूच होतो. एका क्षणापूर्वी मला शाबासकी हवी होती. आता माझ्याच आवाजाची मला भीती वाटली.

मग काकांनी बोट काढलं आणि मला बंद केलं.

"गच्चीवरचं लिफ्टचं चाक हाताने फिरतं ना, काका?" संघमित्राने विचारलं.

"फिरता... अगो, फिरता! इसारलंयच मी!"

ती दोघं जिन्याने गच्चीकडे पळाली. नितेश लिफ्टच्या दाराची चावी घेऊन चौथ्या मजल्यावर गेले. मी खाली कान देऊन होतो. ठोके थांबले. मला वाटलं, गेल्या काकू. मग वरून नितेशचा फाटका आवाज आला, "उघडलं! काकू बाहेर आल्या! स्प्रे आणा रे!"

तासाभराने लाईट आली. काकू खुर्चीवर बसून श्वास घेत होत्या. तेवढ्यात तो खड्ड्यातला माणूस पाणी मागायला आत आला. अंबादास नाव त्याचं. "लाईट गेल्याने फार त्रास झाला का, काका?" त्याने हसून विचारलं.

लवूकाकांनी तांब्याभर पाणी दिलं आणि अंबादास पाणी पीत असताना ते त्याच्या मातीने भरलेल्या दोन्ही हातांकडे पाहत राहिले. मग भिंतीकडे तोंड करून रडले.

आज भंगारवाला मला न्यायला येणार आहे. माझी तक्रार नाही. धूर ओकणाऱ्याने जावंच. सोसायटी लिफ्टसाठी बॅटरी घेतेय आणि मेनच्या दांड्याला तेल मिळालंय. मित्रांनो, नवं आणा, खुशाल आणा. पण ते कधी बंद पडतं, हे आणतानाच विचारा. आणि कुठलाही खटका वर करण्याआधी तारेच्या दुसऱ्या टोकाला कुणाचे हात आहेत, ते बघून या.