नांदशेत जेट्टी ऊर्फ अख्तरीचा धक्का

‘या लेखाचं नाव बदलून अख्तरीचा धक्का असं करता येईल का?’

शौकतने विचारलेला हा प्रश्न माझ्या चर्चा पानावर सगळ्यात वर आहे. तो हयात असेपर्यंत त्याला कुणी उत्तर दिलं नाही. हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही, जरा थांब असंसुद्धा म्हटलं नाही.

मी एक लेख आहे. इंटरनेटवर सगळ्यांनी मिळून लिहायचा जो मराठी ज्ञानकोश असतो, त्यातला. नांदशेत जेट्टी हे माझं नाव आणि कोकणातल्या एका खाडीवरचा लहानसा धक्का हा माझा विषय. मला कुणीही उघडावं, कुणीही दुरुस्त करावं, अशी इथली रीत. जो मला उघडतो, त्याच्या खोलीतलं मला ऐकू येतं. त्यामुळे मला जे माहीत आहे ते ऐकून माहीत आहे.

जन्म मात्र माझा खाडीपासून फार लांब, सौदीतल्या हाइल शहरात झाला. तिथे शौकत एका दुकानात मोबाइल दुरुस्त करायचा. मग हुकूम निघाला की मोबाइलच्या दुकानात आता फक्त सौदी माणसंच बसतील. त्याचा कफील, म्हणजे व्हिसा देणारा मालक, वाईट माणूस नव्हता. त्याने शौकतच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “खलास, शौकत.” इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, दुसऱ्या कामावर बदलून मिळेपर्यंत शौकत खोलीत बसून राहिला. त्याच्या बोटांना बारीक काम करायची सवय होती. बोटं रिकामी बसेनात.

एक दिवस त्याने फोनवर आपल्या गावाचा धक्का शोधला. काही सापडलं नाही. मग त्याने मला लिहायला घेतलं.

भरतीला होडी कुठे लागते, ओहोटीला कुठे, पावसाळ्यात फेरी किती दिवस बंद, पायऱ्या कुठल्या दगडाच्या, सगळं त्याने लिहिलं. सरकारी पाटीचा फोटो लावला आणि पाटीवर होतं तेच नाव मला दिलं.

पुढे ते नाव त्याला टोचू लागलं. कारण होडीचा तांडेल कधीच नांदशेत जेट्टी म्हणून ओरडला नव्हता. तो ओरडायचा, “अख्तरीच्या धक्क्याला कोण कोण?” अख्तरी म्हणजे शौकतची मा. धक्क्यावर तिची चहाची टपरी. परदेशी निघालेला प्रत्येक मुलगा तिथे चहा पिऊन होडीत बसायचा, आणि ती प्रत्येकाला सांगायची, “आल्यावर पहिला चहा इथेच.” शौकतलाही तिने तेच सांगितलं होतं.

म्हणून त्याने तो प्रश्न विचारला. आमच्याकडे नाव बदलायचं असेल तर आधी चर्चा पानावर विचारायचं, लोकांनी आपापली कारणं द्यायची आणि मग ठरवायचं. पण लहानशा धक्क्याच्या चर्चा पानावर येतो कोण?

पुढे शौकतला सौदीतल्याच रास अल खैरच्या एका कारखान्यात स्टोअरचं काम मिळालं. तो शुक्रवारी माझ्याकडे यायचा. एखादं वाक्य नीट करायचा, खाली जाऊन आपला प्रश्न बघायचा आणि निघून जायचा. मग एका शुक्रवारी तो आला नाही. पुढच्याही नाही.

त्यानंतर कुणी मला उघडलं, तर तो हाशिर होता. शौकतचा धाकटा भाऊ. मदिनेतल्या एका हॉटेलात यात्रेकरूंच्या बॅगा ढकलायचा. शौकतने पूर्वी त्याला माझा पत्ता पाठवला होता, सोबत लिहिलं होतं, ‘वाच जरा. सातवीपर्यंत गेलास ते काय खिचडी खायला?’ तेव्हा हाशिरने वाचलं नव्हतं. आता तो वाचत होता, ओठ हलवत, एकेक अक्षर लावत, आणि मध्येच थांबून नाक पुसत.

तेवढ्यात माचा फोन आला. त्याने मला तसंच उघडं ठेवलं आणि स्पीकर लावला.

“गेला होतास ना रे दफन करायला? जागा कशी आहे?”

“चांगली आहे, मा. सपाट आहे.”

“दगडावर काय लिहिलंय त्याच्या?”

“इथे लिहीत नाहीत, मा. कुणाच्याच दगडावर नाही. रीतच आहे.”

फोनमध्ये टपरीवरच्या स्टोव्हचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, “आणि कुणी बघायला गेलं, तर त्याने ओळखायचं कसं?”

 फोन ठेवून हाशिर माझ्यात खाली खाली जात राहिला आणि चर्चा पानावर पोहोचला. तिथे भावाचा प्रश्न, खाली भावाची सही, आणि त्याखाली मोकळी जागा.

त्या मोकळ्या जागेत त्याने लिहिलं, ‘उत्तर का नाही दिलं? माणूस मेला.’

सही करायची असते हे त्याला ठाऊक नव्हतं. इथे एक यंत्र राखण करतं. त्याने लगेच खाली चिकटवलं, ‘सही न केलेला मजकूर’. हाशिरने यंत्राला अशी शिवी घातली की शेजारच्या खाटेवरून बदरुद्दीनचाचा उठून बसला. चाचा श्रीवर्धनचा, खजुराच्या दुकानात कामाला.

“कुणाला देतोस रे? सुट्टीच्या दिवशी तरी तोंड धू.”

“भाईचं काम अर्धं राहिलंय, चाचा. मी पुरं करणार.”

“कर. पण विचारून कर.”

विचारून करायचा हाशिरचा स्वभाव नव्हता. त्याने खातं उघडलं, नाव ठेवलं ‘शौकतचा भाऊ हाशिर’. लेखाचं नाव बदलायची कळ नव्या माणसाला मिळत नाही. आधी थोडं काम करावं लागतं, थोडे दिवस जाऊ द्यावे लागतात. हाशिरला धीर कुठला! त्याने ‘अख्तरीचा धक्का’ नावाचं नवं पान काढलं, माझ्यातला सगळा मजकूर उचलून तिकडे नेला आणि मला कोरं केलं.

कोरं होणं म्हणजे काय ते मी कसं सांगू? भरती, ओहोटी, पायऱ्या, सगळं गेलं. पाटीचा फोटोही गेला. मी होतो, आणि माझ्यात काही नव्हतं.

हाशिर मात्र खुशीत होता. “झालं, चाचा! माच्या नावाने झालं!”

थोड्याच वेळात अरविंद नावाच्या जुन्या सदस्याने मला पूर्ववत केलं आणि नव्या पानावर ‘काढून टाकावं’ अशी सूचना लावली. अरविंद पुण्याचा. बोलायला रुक्ष, पण शौकतने चुकीचे लावलेले स्वल्पविराम पूर्वी त्यानेच गुपचूप जागेवर बसवले होते.

हाशिरने पुन्हा मला कोरं केलं. अरविंदने पुन्हा भरलं. मग चर्चा पानावर जुंपली.

‘तुम्ही कोण ठरवणार? कधी आलायत धक्क्यावर?’

‘नाही आलो. म्हणूनच छापील संदर्भ मागतो.’

‘माझ्या मेलेल्या भावाला पण संदर्भ मागा!’

तेव्हा सुनेत्रा मध्ये पडल्या. त्या नाशिकच्या, इथल्या प्रचालक. पान काढून टाकायचे, हलवायचे अधिकार त्यांच्याकडे. त्यांनी लिहिलं, ‘हाशिर, तुमच्या दुःखाची मला कल्पना आहे. भांडण जरा बाजूला ठेवा आणि एक गोष्ट करा. दोन्ही पानांवर वरती इतिहास म्हणून कळ आहे, ती दाबून बघा. मग बोलू.’

हाशिरने आधी नव्या पानाची कळ दाबली. इतिहासात एकच ओळ होती. त्याचीच.

मग माझी दाबली. पडद्यावर ओळीमागून ओळ उतरत गेली. सदस्य शौकत. सदस्य शौकत. सदस्य शौकत. प्रत्येक ओळीशेजारी त्याने काय केलं ते त्याच्याच शब्दांत. ‘ओहोटीची जागा दुरुस्त केली.’ ‘फोटो लावला.’ ‘आज हाइलला थंडी फार, एवढंच लिहितो.’

हाशिरने फोन खाटेवर ठेवला आणि गुडघ्यांत तोंड घातलं.

“काय झालं रे?” चाचा म्हणाला.

“मी भाईला मागे टाकलं होतं, चाचा. त्याने लिहिलेलं सगळं उचलून आणलं आणि त्यालाच टाकून आलो.”

सुनेत्रांनी खाली समजावलं होतं. ‘मजकूर असा उचलून नेला की लिहिणारा जुन्या पानावर राहतो. घर बदलताना सामान नेलं आणि माणसं विसरली, तसं. नाव बदलायचं तर पान इतिहासासकट हलवायला हवं. त्यासाठी आपण रीतसर चर्चा करू.’ नवं पान त्यांनी काढून टाकलं. या वेळी हाशिरने हूं का चूं केलं नाही.

चर्चा सुरू झाली. हाशिरने पुन्हा घाई केली. त्याने कोकणवाल्यांच्या ग्रुपवर टाकलं, ‘सगळ्यांनी येऊन पाठिंबा लिहा.’ आणि आले की हो! हाइलहून आले, जुबैलहून आले, मदिनेच्या हॉटेलांतून आले. ज्यांनी उभ्या जन्मात मराठी टाइप केलं नव्हतं तेही आले. अरविंद वैतागला. ‘इथे हात वर करून ठरत नसतं. माणसं मोजत नाहीत, कारणं बघतात.’

कारणं त्यांच्याकडे कुठली असणार? त्यांनी आठवणी लिहिल्या. एकाने लिहिलं, ‘मी तिथे चहा प्यायलो आणि निघालो. त्यानंतर पूल झाला, होडी बंद पडली. आता गावी गेलो तर कुठे उतरायचं?’ दुसऱ्याने लिहिलं, ‘अख्तरीमावशीला सांगा, मी अजून यायचा आहे.’ एकाने फक्त ‘आल्यावर पहिला चहा’ एवढंच लिहिलं. कुणीच सही केली नाही. यंत्र बिचारं प्रत्येकाखाली आपली पट्टी चिकटवत राहिलं.

त्या दिवसांत माझ्यात माणसांची एवढी वर्दळ होती, की मला वाटलं होडी पुन्हा सुरू झाली.

अरविंदनेही शोधाशोध केली. गॅझेटियर चाळलं, बंदर खात्याचे जुने अहवाल, वर्तमानपत्रं. शेवटी त्याने लिहिलं, ‘मला एकही छापील उल्लेख मिळाला नाही. मिळावा अशी इच्छा होती.’

मग सुनेत्रांनी चर्चा मिटवली. निकाल असा. ‘शीर्षक तूर्त आहे तेच राहील. लेखाचं नाव छापील आधारावर ठरतं आणि तो आधार नाही. पुढे मिळाला तर विषय पुन्हा काढता येईल. मात्र लोक या जागेला अख्तरीचा धक्का म्हणतात, याबद्दल कुणाच्या मनात शंका उरलेली नाही. त्या नावाने शोधणाऱ्याला या लेखावर आणणारं पुनर्निर्देशन करावं.’ आणि खाली वेगळी ओळ. ‘हाशिर, ते तुमच्या हाताने करा. मी केलं तर तिथे माझं नाव लागेल.’

“म्हणजे हरलास?” बदरुद्दीनचाचाने विचारलं.

“माहीत नाही,” हाशिर म्हणाला.

पुनर्निर्देशन म्हणजे एका ओळीचं पान. त्याला स्वतःचं काही सांगायचं नसतं. कुणी त्या नावाने आला, की त्याचा हात धरून योग्य जागी पोहोचवायचं, एवढंच त्याचं काम. हाशिरने ती ओळ चुकत, खोडत, चाचाला वाचून दाखवत लिहिली. कुणालाही कोरं न करता.

मग त्याने गावी फोन लावला. शौकतची बायको साबिरा तिकडे आपल्या फोनवर टाइप करत होती. मला उघडणारी गावातली ती पहिलीच, त्यामुळे टपरीवरचं मला प्रथमच थेट ऐकू आलं. स्टोव्ह, कप, आणि लांबून पुलावरची गाडी.

“अख्तरीचा धक्का लिहिलं, मा. उघडलं बघा,” साबिरा म्हणाली.

“भाभी, आता वर इतिहास आहे, तो दाब. आणि माला वाचून दाखव.”

साबिरा वाचू लागली. शौकत. शौकत. शौकत. मध्येच ती थांबली, पुन्हा वाचू लागली.  माने स्टोव्ह बंद केल्याचं मला ऐकू आलं. साबिरा शेवटच्या ओळीला पोहोचली, तेव्हा मा म्हणाली, “दगडावर लिहिलं असतं, तर एकदाच लिहिलं असतं.”

आता ती वर्दळ ओसरली आहे. माझं नाव पाटीवर आहे तेच आहे. क्वचित कुणी परदेशातून मला शोधतो, आणि तो सरकारी नावाने कधीच शोधत नाही. एखादा चहाबद्दल लिहिलंय का बघतो. नाही लिहिलेलं, छापील आधार नाही म्हणून. तुम्ही कधी आलात तर नुसता मजकूर वाचून जाऊ नका. वरची इतिहासाची कळ दाबा आणि थोडं खाली उतरा. तिथे एक माणूस आहे. त्याला दुसरीकडे कुठे नाव नाही. आणि एखाद्या जुन्या वर्तमानपत्रात अख्तरीचा धक्का असा उल्लेख दिसलाच, तर अरविंदला कळवा. तो अजून बघतो आहे.

हाशिर हल्ली येत नाही. शेवटचा आला तो त्याच फोनच्या दिवशी. सुनेत्रांनी मिटवलेल्या चर्चेला त्याने हात लावला नाही. आपला तो पहिला रागाचा मजकूर रेघ मारून खोडला. मग भावाच्या प्रश्नाखाली त्याने लिहिलं,

‘नाही, भाई. नाव नाही बदललं. पण अख्तरीचा धक्का म्हणून हाक मारली की हे पान ओ देतं. मी मारून बघितली.’

आणि खाली सही केली.