देवरावभाऊंना बोलायला बंदी

निवडणुकीत पडल्यावर तीन महिन्यांच्या आत माजी आमदार देवरावभाऊ बिड्यांसाठी तेंदूपत्ता घेणाऱ्या एका कंपनीचे सल्लागार झाले. पहिलंच काम चामोर्शी तालुक्यातल्या कोसमटोल्याचं होतं. तिथली ग्रामसभा आपल्या जंगलातला तेंदूपत्ता लिलाव करून विकायची. यंदा लिलाव न करता तो थेट कंपनीला द्यावा, एवढंच गावाला पटवायचं होतं. देवरावभाऊंना ते सोपं वाटलं. दहा वर्षं या गावानं त्यांना कधी नाही म्हटलं नव्हतं.

सभा मोहाच्या झाडाखाली भरली. लोकांनी उठून रामराम केला, त्यांना खुर्ची दिली, चहा पाजला. ते बोलायला उभे राहिले, तशी सचिव निशानं वही उघडून ठराव वाचला. निवडून आलेल्या माणसानं पद सुटल्यावर दोन वर्षं ग्रामसभेत कोण्या कंपनीच्या वतीनं बोलू नये, असं गावानं मागच्या वर्षी ठरवलं होतं.

देवरावभाऊ दुखावले. आपण काय चोर आहोत का, असं त्यांनी विचारलं.

अध्यक्ष सोमारीबाई म्हणाल्या, "तसं नाई भाऊ. तुमी समोर उभे राह्यले का आमच्याच्यानं नाई म्हणवत नाई. तुमी आमच्या पोरीच्या लग्नात जेवले, आजारपणात गाडी देल्ली. मंग आमी हो म्हणतो आन् सालभर पस्तावतो. तुमच्या आंधीच्या आमदाराच्या वक्ती असंच झालं."

मग साधा नागरिक म्हणून बोलतो, असं भाऊ म्हणाले. गावानं परवानगी दिली. त्यांनी रस्त्यावरून सुरुवात केली, शाळेवर आले, तिथून जंगलावर आणि जंगलातून पानांवर. सोमारीबाईंनी हात वर केला. भाऊ पुन्हा रस्त्यावर गेले. तिसऱ्यांदा पानांवर आल्यावर लोक हसू लागले आणि ते खाली बसले.

शेवटी त्यांनी कंपनीचा कागद आपला ड्रायव्हर सुकलू याच्या हाती दिला. सुकलू पन्नाशीचा होता आणि कधी कुठून निवडून आलेला नव्हता, त्यामुळे ठराव त्याला लागू नव्हता. तो खणखणीत वाचत गेला आणि पानांच्या दराशी येऊन थांबला. त्याची बायको दर उन्हाळ्यात पानं तोडायची.

"भाऊ, हे तं मागच्या सालापेक्षा कमी हाय," तो म्हणाला. "टायपिंगची चूक हाय का?"

देवरावभाऊंनी त्याच्या हातून कागद काढून घेतला. गावानं एकमतानं लिलाव ठरवला. कोणाला नाही म्हणायची वेळच आली नाही, म्हणून सगळे मोकळे झाले आणि भाऊंना आग्रहानं जेवायला बसवलं. जेवताना ते विधानसभेतल्या गमती सांगत राहिले. इतकं चांगलं ते प्रचारातही बोलले नव्हते, असं दोघा-तिघांनी सांगितलं.

निघताना त्यांनी निशाला बाजूला घेऊन आपली दोन वर्षं कधी भरतात ते विचारलं. पुढच्या साली नोव्हेंबरात, असं ती म्हणाली. मग थोडं अडखळत त्यांनी विचारलं, "आन् मधात मी जिल्हा परिषदेले उभा राह्यलो तं?"

"पडले तं काईच फरक नाई," निशा म्हणाली. "निवडून आले, तं पद सुटल्यावर पुन्हा नवीन दोन वर्षं."

भाऊ गाडीत बसले.  चामोर्शीत चहाला थांबल्यावर त्यांनी सुकलूला विचारलं, यंदा जिल्हा परिषदेला आपलं कितपत जमेल. सुकलूनं बराच विचार केला आणि सांगितलं की भाऊ, तुम्ही कंपनीचंच बघा.