अण्णांचा फोन भूतानात

आमच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ अर्धा तास पुढं हाय. आजचं न्हाई, मला कळायला लागल्यापासून. आमच्या अण्णांची, म्हणजे किसनरावांची, कधीकाळी नांदेडची एसटी चुकली आणि तव्हापासून त्यांचा खऱ्या टाइमावरचा भरोसा उडाला. घड्याळ पुढं असलं की माणूस लवकर निघतो, असं त्यांचं म्हणणं. आता खरं सांगू का, घरातल्या समद्यांला माहीत हाय की ते अर्धा तास पुढं हाय. म्हणून समदे मनातल्या मनात अर्धा तास कमी करतात आणि निवांत बसतात. एसटी आजूक बी चुकते. पण घड्याळाला हात लावायची कुणाची टाप न्हाई.

तकलीफ सुरू झाली अण्णांनी मोठा फोन घेतल्यावर. फोन आपोआप बराबर टाइम दाखवायचा. भिंतीवर साडेसात, खिशात सात. अण्णा म्हणे, फोन मागं पडून राहिला, दुकानातच खराब दिला.

माझं वारंगा फाट्यावर मोबाईल रिपेरिंगचं दुकान हाय. कुठं शिकलो म्हणाल तर व्हिडिओ बघून. गावातले बरेच फोन मारले तव्हा हात बसला. मी अण्णांला म्हणलो, टाइम कंपनीकडून येतो, आपण त्यो पुढं करायचा नसतो. अण्णा काही बोलले न्हाईत.

अण्णा काही बोलले न्हाईत म्हणजे विषय संपला, असं कुणी समजू नये.

माझ्या माघारी त्यांनी सेटिंग उघडली. आपोआपचं बटण बंद केलं. खाली जगातल्या शहरांची लांबलचक रांग आली, ती एकेक करून दाबत बसले. टोकियो दाबलं तर फारच पुढं गेलं. काठमांडू दाबलं तर पंधराच मिनटं. शेवटी थिंफू दाबलं आणि फोन भिंतीशी जुळला. थिंफू ही भूतानची राजधानी हाय हे अण्णांला माहीत असायचं काही कारण न्हाई. मला बी नव्हतं. त्यांला ते सेटिंगचं नाव वाटलं.

असा आमच्या घरातला फोन परदेशी गेला आणि वरीसभर तिथंच राहिला. कुणाला पत्ता न्हाई.

आता पुनमचं सांगतो. पुनम माझी धाकटी बहीण, बीएस्सी ॲग्री झालेली. पुण्याची एक कंपनी हाय, शेतकऱ्यांला फोनवर सल्ला देती. सोयाबीनवर काय फवारायचं, हळद पिवळी काहून पडली, असलं. तिथं तिनं अर्ज केला आणि ऑनलाईन मुलाखतीपर्यंत पोचली. अण्णांनी नोकरीला न्हाई म्हणलं नव्हतं. पण मुलाखत हुकली तर सेनगावचं स्थळ बघायचं, हे घरात न बोलता ठरलेलं. आणि त्यांची एक अट. पोरीचं भाईरून काही बी आलं तर ते त्यांच्या फोनवर आलं पाहिजे.

म्हणून अर्जात ईमेल अण्णांचा. अट ऐकून पुनम माझ्याकडं बघून राहिली. मी चार्जर शोधायला लागलो.

मुलाखतीचा मेल आला. त्यात लिवलेलं, वेळ सोबतच्या निमंत्रणात पाहावी. निमंत्रण दाबलं की कॅलेंडर उघडायचं. कंपनीनं सकाळचे अकरा टाकलेले. पण फोन बसला भूतानात, तिथं तव्हा साडेअकरा वाजतात, म्हणून फोननं इमानदारीनं साडेअकरा दाखवले.

इथपर्यंत काहीच बिघडलं नव्हतं बरं का. पुनमनं डोळे झाकून घरच्या घड्याळात साडेअकरा बघितले असते तर ती बराबर वेळेवर पोचली असती. पण पोरगी हुशार. तिनं इचार केला की निमंत्रण पुण्याहून आलंय, म्हणजे हे साडेअकरा पुण्याचे. आपल्या भिंतीवर तव्हा बारा वाजलेले असणार. आपलं घड्याळ खोटं हाय हे माहीत असणाराच त्या दिवशी फसला.

भिंतीवर बाराला पाच कमी असताना ती केस बांधून, चांगला ड्रेस घालून, अण्णांच्या फोनपुढं बसली. लिंक दाबली. मीटिंग संपली हाय, असं आलं.

तिचा मला फोन आला. रडली न्हाई. म्हणली, "भाऊ, दुकान बंद कर आणि घरी ये."

घरी आल्यावर मी तोच मेल माझ्या फोनात पाठवून उघडला. माझ्यात अकरा, अण्णांच्यात साडेअकरा. निमंत्रण एकच. मग सेटिंगमधी गेलो आणि थिंफू वाचलं. अण्णांला विचारलं हे काय केलंत, तर म्हणे, "टाइम बराबर केला." मी त्यांला भूतानचं समदं समजावून सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले की म्हणजे माझा टाइम चुकला न्हाई, पोरीनं वजाबाकी चुकीची केली. त्यांचं बी खरंच व्हतं, म्हणून जास्तच राग आला.

माय, म्हणजे सुमनबाई, तेवढ्यात देवापुढं दिवा लावून आली. आता कंपनीला काय सांगायचं, ह्याच्यावर घरात बैठक बसली. अण्णा म्हणे, रेंज गेली म्हण. माय म्हणे, पोरीला ताप आला म्हण. मला बी रेंजच पटत व्हती. खोटं असलं तरी पटण्यासारखं. खरं कोण ऐकून घेणार?

पुनमनं नंबर लावला आणि फोन स्पीकरवर टाकला. तिकडून रीता मॅडम म्हणून कुणी बोलल्या. आवाजावरूनच कळलं, पुनमचा कागद त्यांनी मिटून ठेवलाय. कारण विचारलं. पुनमनं समदं खरं सांगितलं, घड्याळापासून.

मॅडमनी समदं ऐकून घेतलं आणि विचारलं,

"तुमचे वडील भूतानला असतात का?"

"न्हाई मॅडम, कळमनुरी तालुक्यात असतात. फोनच गेलाय तिकडं."

मॅडम हसल्या. चांगल्या हसल्या. म्हणाल्या, आज सकाळपासून मी रेंज गेल्याचंच ऐकून राहिले, हे पहिल्यांदाच ऐकलं. सोमवारी परत बसवते, पण हा शेवटचा चान्स. "निमंत्रण त्याच ईमेलवर पाठवू ना?"

अण्णा खाटेवर बसलेले. पुनमनं एकदा त्यांच्याकडं बघितलं.

"न्हाई मॅडम. दुसरा लिहून घ्या."

आणि तिनं तिचा स्वतःचा ईमेल एकेक अक्षर करून सांगितला, दोनदा. अण्णांनी मान वर केली न्हाई. खाटेचा सुंभ ओढत बसले.

सोमवारी मुलाखत झाली. काय विचारलं ते तिनं मला बी सांगितलं न्हाई. अण्णा शेजारच्या जनकाबाईला गिरणी बंद ठेवायला सांगून आले आणि तेवढा वेळ अंगणात बसून राहिले. त्यानंतरचे दिवस त्यांचं एकच काम. फोन काढायचा, मेल बघायचा, खिशात घालायचा. त्याच्यात काही येणार न्हाई हे त्यांला बी माहीत व्हतं. पण त्यांनी विचारलं न्हाई आणि तिनं सांगितलं न्हाई.

गुरुवारी मेल आला. पुनमनं वाचला आणि भांडी घासायला बसली. दुपारी मायीच्या कानात सांगितलं, मग मला. अण्णा शेतातून आले तर घरात शिऱ्याचा वास. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, काहून केलाय शिरा? मी म्हणलो, मला काय माहीत, तिलाच विचारा.

मग ते सैपाकघराच्या दाराशी जाऊन उभे राहिले. बराच वेळ खाकरले.

"कवा जायचं हाय?"

"एक तारखेला," पुनम म्हणली. कढई उतरवत व्हती.

"मग सेनगावच्यांला काय सांगू?"

"त्यांला माझा नंबर द्या."