हसत दार उघडणारी बाई

"आतून लावलं तर घरातल्या माणसाला उघडता येणार नाही, असं कुलूप आहे का तुमच्याकडे?"

कुलपांच्या दुकानात लोक चोराच्या भीतीनं येतात, आणि चोर बाहेरून येतो हे शेंबडं पोरही जाणतं. मी चावी घासायची कानस खाली ठेवली आणि त्या बाईकडे नीट पाहिलं. तिशीची असेल. अंगात नर्सचा पांढरा कोट, डोळ्यांखाली जागरण.

"घरात कुणी वेडं माणूस आहे का?" मी विचारलं.

"नवरा आहे. वेडा नाही, चांगला बँकेत आहे. पण प्रवचनं द्यायला निघालाय. घर सोडून."

मला हसू आलं आणि लगेच डोकंही तापलं. आमच्या घराण्याचा हा जुना आजार दुसऱ्या कुणाच्या तरी घरात शिरला होता. नर्स माझ्या तोंडाकडे बघत होती. मग तिनं पर्स काउंटरवर ठेवली.

"कुलूप मला नकोच आहे, मावशी. तुम्ही थोरल्या वाटाड्यांच्या घरातल्या ना? मला एकच विचारायचंय. तुमच्या पणजी खरंच हसल्या होत्या का?"

थोरले वाटाडे म्हणजे माझे पणजोबा. त्यांना मानणारे लोक त्यांना याच नावानं ओळखतात. त्यांच्या संस्थेची चार-पाच शहरांत सभागृहं आहेत आणि प्रत्येक सभागृहात एक चित्र आहे: पहाटेचा उजेड, पाठीला पिशवी लावलेला माणूस, आणि त्याच्यासाठी दार उघडून धरलेली त्याची बायको. बायको हसते आहे. असं हसते आहे, जणू नवरा भाजी आणायला चाललाय. मानणाऱ्यांच्या घरोघरी हेच चित्र लागलेलं असतं. आमच्या घरात नाही.

पणजोबा याच दुकानात कुलपं करायचे. हात सोन्याचा आणि जीभ त्याहून गोड. चावी घासता घासता बोलायला लागले की गिऱ्हाईक आपलं काम विसरून उभं राहायचं. त्या काळी गावात दारूनं थैमान घातलं होतं. दुकान बंद केल्यावर पणजोबा चौकात उभे राहून लोकांना समजावू लागले. एकानं बाटली फोडली, दुसऱ्यानं फोडली, तिसऱ्याची बायको येऊन पाया पडली. माणसाला ऐकणारे कान मिळाले की मग घरचे कान पुरत नाहीत. गाव लहान वाटायला लागलं. एक दिवस त्यांनी जाहीर केलं की मला बोलावणं आलंय, मी निघतो.

"कुणाचं बोलावणं?" पणजीनं विचारलं. "मी याच घरात आहे, मला तर काही ऐकू आलं नाही."

तीन लेकरं होती, त्यातलं धाकटं पाळण्यात. पणजी म्हणाली, इथंच बोला की, चौक आहे, तोंड आहे, संध्याकाळी जेवायला घरी या. ते ऐकेनात. मग तिनं घरातलं सगळ्यात भारी कुलूप काढलं, दाराला आतून लावलं आणि चावी कमरेला खोचली. पण कुलूपवाल्याला कुलूप लावून कोण अडवणार! पणजोबा तार घेऊन दाराशी बसले. माझी आजी तेव्हा आठ वर्षांची. ती सांगायची, की कुलूप बाबांनी स्वतःच केलेलं होतं, म्हणून उघडता उघडत नव्हतं, स्वतःच्याच कारागिरीनं त्यांना घाम फोडला. आणि आई मागे उभी राहून मोठ्यानं म्हणत होती, "मी नाही म्हणते. ऐकताय ना? मी नाही म्हणते."

"ऐकतोय," ते म्हणाले, आणि तार फिरवत राहिले.

एवढं झाल्यावर कुलूप उघडलं. ते गेले. दार उघडंच राहिलं, पाळण्यातलं पोर गारठलं तेव्हा आजीनं जाऊन ते लोटलं.

हे सगळं मी नर्सला सांगितलं. पुढचंही सांगितलं, कारण अर्धंच सांगणं ही त्यांची पद्धत आहे, माझी नाही. पणजोबा गावोगाव हिंडले, लोकांच्या ओट्यांवर झोपले, दारूवाल्यांचा मार खाल्ला, एकदा कोठडीत जाऊन आले. कितीतरी संसार त्यांनी वाचवले हे मला मान्य आहे. एक सोडून. त्यांची पहिली शिकवण होती, खोटं बोलू नका. आणि कुठल्याशा गावात एका बाईनं भर सभेत उठून विचारलं, "महाराज, तुमच्या बायकोचं काय?" तेव्हा ते म्हणाले, "तिनंच तर हसत दार उघडलं." लोकांचे डोळे पाणावले. मग हे प्रत्येक सभेत आलं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

इकडे पणजीनं कानस हातात घेतली. आधी चुकीच्या चाव्या केल्या, शिव्या खाल्ल्या, मग बरोबर करायला शिकली. लेकींना शिकवलं. दुकान तेव्हापासून बायकांच्याच हातात आहे.

ते एकदा आले होते. दाढी पांढरी झालेली, मागे बरीच माणसं, ती त्यांनी कोपऱ्यावर थांबवलेली. एकटेच काउंटरशी येऊन उभे राहिले. पणजीनं मान वर केली आणि विचारलं, "काय हवंय?" जसं कुणाही गिऱ्हाइकाला विचारावं तसं. ते म्हणाले, पाणी. तिनं दिलं. पाणी पिऊन झाल्यावर ते हळूच म्हणाले, "मी लोकांना सांगतो, तू हसत दार उघडलंस. त्यांना त्यानं धीर येतो."

"मग त्यांना हेही सांगा," पणजी म्हणाली, "की ती बाई दुसरी कुणीतरी असेल."

त्यांनी ते सांगितलं नाही, हे सांगायला नकोच.

नर्सनं सगळं ऐकून घेतलं. मग एकदम चिडली. "मला सांगून काय उपयोग, मावशी? रोज सासू त्या चित्रापुढे उभी करते मला. म्हणते, बघ, तिला तीन होती, तुला दोनच आहेत. ती हसली, तुला काय धाड भरली? आणि आता रविवारी मला स्टेजवर उभं करणार आहेत."

तिनं समजावून सांगितलं तेव्हा मला संस्थेची ती रीत पहिल्यांदा नीट कळली. जो प्रचाराला निघतो, त्याच्या घरच्या बाईनं सगळ्यांसमोर दार उघडून द्यायचं. स्टेजवर खरी चौकट उभी करतात, तिला दार, दाराला कुलूप. बायकोनं चावी लावायची, हसायचं आणि म्हणायचं, "मी आनंदानं दार उघडते." ज्याचं दार उघडलं नाही, त्याला वाट नाही, असा त्यांचा नियम. म्हणजे नाही म्हणायची सोय आहे, फक्त आजवर कुणी नाही म्हणालेलं नाही. म्हणणार कशी? भिंतीवर पणजी हसतेय ना!

संस्थेचे सेक्रेटरी आठवडाभर मला फोन करत होते. पणजोबा घर सोडून निघाले त्याचं शंभरावं वर्ष होतं, घराण्यातल्या कुणीतरी येऊन चावी हातात द्यावी, अशी त्यांची फार इच्छा. आजवर आमच्या घरातून कुणी गेलं नव्हतं. आजी म्हणायची, भांडायलाही जायचं नाही आणि मान डोलवायलाही नाही. आजीचा शब्द मी आयुष्यभर पाळला. त्या दिवशी मोडला. नर्स गेल्यावर लगेच फोन लावला आणि म्हटलं, येते.

रविवारी दुपारी सभागृह गच्च भरलं होतं. सेक्रेटरींनी नमनालाच घडाभर तेल ओतलं. पणजीला त्यांनी त्यागमूर्ती केलं, धीराचा डोंगर केलं, हसतमुख माउली केलं. मेल्या म्हशीला मणभर दूध. ती हयात असती तर या माणसाला पकडीत धरून घासली असती. माझ्या शेजारी नर्सचा नवरा बसला होता. बारीक अंगाचा, स्वच्छ डोळ्यांचा. वाईट माणूस नव्हता. पणजोबाही नव्हते, तीच तर पंचाईत. पलीकडे नर्स, नव्या साडीत, तोंड कागदासारखं पांढरं. पुढच्या रांगेत सासू दोन पोरांना दोन हातांनी धरून बसलेली.

"आता थोरल्या वाटाड्यांच्या पणती दोन शब्द बोलतील आणि चावी देतील," सेक्रेटरी म्हणाले.

मला भाषण येत नाही. घराण्यातली ती जीभ माझ्यापर्यंत पोचलीच नाही. मी माइक धरला आणि नर्सला सांगितलं तसंच सांगितलं. भारी कुलूप, कमरेची चावी, तार, घाम. "माझी पणजी हसली नव्हती," मी म्हटलं. "ती नाही म्हणत होती. मोठ्यानं. त्यांनी ते ऐकलं आणि कुलूप फोडावं तसं उघडलं."

आधी कुणाला कळलंच नाही. मग मागून कुणीतरी ओरडलं, "खाली बसा!" सासू तोंडाला पदर लावून उभी राहिली. सेक्रेटरी धावत आले.

"ताई, शंभर वर्षांपूर्वीचं कशाला उकरून काढता?"

"शंभर वर्षं तुम्ही सांगताय म्हणून."

"याला पुरावा काय?"

"तुमच्या चित्राला काय पुरावा आहे? चित्रकार तिथं चहा प्यायला बसला होता का?"

कुणीतरी हसलं. सेक्रेटरींनी माइककडे हात केला, मी सोडला नाही. "खोटं बोलू नका, ही तुमचीच पहिली शिकवण ना? मग मला खरं बोलू द्या. तुमच्या थोरल्या वाटाड्यांचं भलं काम मी नाकारत नाही. पण माझ्या पणजीचा होकार तुम्हाला मिळणार नाही. तो तिनं दिलेलाच नाही."

एवढं बोलून मी टेबलावरची चावी उचलली. वळून ती नर्सच्या हातात दिली. "उघडायचं तर उघड," मी तिला म्हटलं, माइक जवळच होता, सगळ्यांनी ऐकलं. "मनापासून वाटलं तर खुशाल उघड, मी टाळ्या वाजवेन. पण नाही म्हणालीस तर तू पहिली नाहीस, एवढंच लक्षात ठेव."

ती उठली. चौकटीपर्यंत गेली. मला वाटलं, आता ही चावी लावते. सभागृहातल्या सगळ्यांनाच तसं वाटलं, कारण सासू पुन्हा खाली बसली. नर्स त्या दारापुढे जरा वेळ उभी राहिली, मग मागे फिरली, टेबलावर पाण्याचा ग्लास होता त्याच्याशेजारी तिनं चावी ठेवली आणि माइकपाशी आली.

"मी नाही म्हणते," ती म्हणाली.

बस, एवढंच. आवाज फार मोठा नव्हता. पण माझ्या अंगावर असा काटा आला, की मी डोळे पुसतेय हे मला शेजारच्या माणसानं रुमाल दिल्यावर कळलं. रुमाल देणारा तिचा नवराच होता, बिचाऱ्याला दुसरं काय करावं सुचत नव्हतं.

सेक्रेटरींनी घाईघाईनं पुढचा कार्यक्रम जाहीर केला. नर्स आणि तिचा नवरा जिना उतरत होते तेव्हा मी मागेच होते. तो तिला खालच्या आवाजात म्हणाला, "अगं, सगळ्यांसमोर? घरी सांगायचं होतंस."

"घरी रोज सांगतेय. महिनाभर सांगतेय. तुला ऐकू आलं का?"

खालच्या पायरीवर सासू पोरांना घेऊन उभी होती. नर्सनं धाकटीला कडेवर घेतलं, मोठ्याचा हात धरला आणि वळून नवऱ्याकडे पाहिलं.

"तुला अजूनही जायचं असेल तर जा. मी आडवी पडणार नाही. फक्त कुठल्याही गावात, कुणीही विचारलं, की बायको काय म्हणाली, तर नाही म्हणाली, असं सांगायचं."