दुसऱ्या प्रोसेसरची जागा

मुरबाडच्या एमआयडीसीत मनोज ज्या खुर्चीत बसायचा, तिथंच त्याच्या धाकट्या बहिणीला, संजीवनीला, नोकरी मिळाली. साल दोन हजार सात. एकटाच सिद्धगडावर गेलेला मनोज कड्याखाली सापडला, त्याला वर्ष होत आलं होतं. पाय घसरला, असं सगळे म्हणाले. पाहिलं कुणीच नव्हतं.

कंपनी छोटी, कारखान्यांतल्या भट्ट्यांवर नजर ठेवणारे संगणक बनवायची. त्यातला एक सारखा बंद पडत होता. कर्नल, म्हणजे यंत्राचा सगळा कारभार हाकणारा मूळ प्रोग्रॅम, कोसळत होता. अशा वेळी दोन्ही प्रोसेसरांच्या रजिस्टरांत, म्हणजे त्यांच्या आतल्या छोट्या खणांत, त्या क्षणी जे आकडे असतील, ते मेमरीत उतरवून ठेवणारा कोड मनोजनं लिहिला होता. यंत्र शेवटी काय करत होतं, ते त्यावरून मागाहून कळायचं.

संजीवनीनं ते आकडे उघडले. पहिल्या प्रोसेसरचे ठीक होते. दुसऱ्याच्या जागी मात्र वरपासून खालपर्यंत इंग्रजी अक्षरांत एकच शब्द: दादा, दादा, दादा.

मनोजला या नावानं फक्त तीच हाक मारायची.

"संदेश, इकडे ये जरा."

शेजारच्या टेबलावरचा संदेश आला, वाकून वाचलं आणि दोन पावलं मागे सरला. तिनं यंत्र पुन्हा सुरू केलं. जेवणाच्या सुट्टीनंतर ते कोसळलं. पुन्हा तेच.

किन्हवलीच्या एसटीत तिनं खिडकीकडे बघायचं टाळलं. काचेतला चेहरा तिला आपला वाटेना.

घरी आई, बाईजा, भाकऱ्या थापत होती. सगळं ऐकून तिचे हात थांबले.

"तो काय सांगतोय गो?"

"काय नाय आई. यंत्र आहे ते."

"मग तुझाच शब्द कसा लिवला त्यानं?"

दुसऱ्या दिवशी संजीवनीनं मनोजचा कोड ओळीओळीनं वाचला. आकडे उतरायच्या आधी ती रिकामी जागा त्यानं स्वतःच या शब्दानं भरून ठेवली होती. यंत्राच्या आकड्यांत अंकांखेरीज ए ते एफ एवढीच अक्षरं चालतात. हा शब्द त्यात बसत होता. खरे आकडे आले की तो पुसला जायचा. राहिला, याचा अर्थ कोसळताना पहिल्या प्रोसेसरनं धाडलेला थांबण्याचा निरोप दुसऱ्या प्रोसेसरपर्यंत पोचलाच नव्हता. साधे इंटरप्ट, म्हणजे हातातलं काम थांबवायला लावणारे इशारे, बंद करून तो कशात तरी अडकला होता.

तिनं निरोपाची तऱ्हा बदलली. प्रोसेसरला अडवताच येत नाही, असा इंटरप्ट पाठवायचं ठरवलं. शेवटची ओळ लिहिताना मात्र तिची बोटं थबकली.

"आता तो शब्द दिसणार नाय," संदेश हळूच म्हणाला.

"माहीत आहे."

तिनं बटण दाबलं.

संध्याकाळच्या आत यंत्र कोसळलं. या वेळी दुसऱ्या प्रोसेसरचे सगळे आकडे उतरले होते. तापमान वाचायच्या कोडमध्ये, एका वेळी एकालाच आत सोडणाऱ्या, पण कधीच न सुटणाऱ्या एका कुलपाची वाट बघत तो गोल गोल फिरत राहिला होता. ती चूक तिनं दुरुस्त केली. त्यानंतर ते यंत्र बंद पडलं नाही.

तिला मात्र त्या पडद्याकडे बघवेना.

घरी पोचली तेव्हा बाईजा दारातच उभी होती.

"कळलं का गो, शेवटी काय करत होता?"

"कुलपापाशी अडकला होता, आई. वाट बघत..." बोलता बोलता संजीवनीच्या लक्षात आलं, आई कुणाबद्दल विचारतेय ते. "यंत्राचं कळलं," ती म्हणाली.

बाईजानं मान हलवली. पण दारातून हललीही नाही.