बायकोचं बांधलेलं तोंड

डाळिंबाचा रस विकायचा, पण डाळिंब चाखायचं नाही, असं माझ्या बायकोने ठरवलं तेव्हा मी पोट धरून हसलो. नंतर मोसमभर लोक मला हसले.

आम्हा ज्यू लोकांच्या नव्या वर्षाच्या दुसऱ्या रात्री, त्या मोसमात अजून न चाखलेलं फळ तोंडात घालायचं असतं. त्याआधी प्रत्येकाने मोठ्याने देवाचे आभार मानायचे, की बाबा रे, इथवर आणलंस. आमची पंगत बसते दादाकडे, म्हणजे माझ्या थोरल्या भावाकडे, आणि तिथे ते फळ म्हणजे डाळिंब. आता आमची बाजारात डाळिंबाच्या रसाची गाडी. पेटी फोडली की आधी चाखावी लागते, कारण एक आंबट पेटी सगळं भांडं नासवते. त्यामुळे दरवर्षी पाळी आली की आम्ही दोघं गप्प. मला जेवणाशी मतलब, माझं काही अडत नाही. पण तिच्या पाळीला वहिनी हटकून म्हणायच्या, "हिला कसलं आलंय नवं फळ? हिच्या अंगात रक्तसुद्धा डाळिंबाचंच!" सगळे हसायचे. मीही हसायचो, विनोद बरा होता.

यंदा मोसम सुरू होतानाच बायकोने बजावलं, "या वर्षी मी आभार मानणार. चाखायचं काम तुमचं."

माझ्या जिभेबद्दल घरात फारसं चांगलं मत नाही. मला सगळंच मस्त लागतं. पहिल्याच दिवशी मी "मस्त" म्हणालो आणि गिऱ्हाइकांनी तोंडं वाकडी करून पेले परत केले. तेव्हापासून बायकोने माझं ऐकणं सोडलं. मी घोट घेतला की ती माझा डावा डोळा बघायची. डोळा बारीक झाला की पेटी आंबट! मी आपला "मस्त, मस्त" म्हणतोय आणि ती पेटी बाजूला सरकवतेय. यंत्राचा दांडा दाबताना शिंतोडे उडतात, म्हणून तिने तोंडाला फडकंही बांधलं. शेजारचा भाजीवाला रोज विचारायचा, "काय ताई, आज दरोडा कुठं?"

सणाच्या आदल्या दिवशी गाडीपुढे ही रांग. त्यात आमच्या वहिनी पिशवी घेऊन उगवल्या. फडक्याकडे बघितलं आणि सगळं त्यांच्या लक्षात आलं.

"काय गं," त्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "स्वतःच्या रसाला स्वतः तोंड लावत नाहीस? मग लोकांनी कशाच्या भरवशावर प्यायचा?"

रांगेत कुजबुज सुरू झाली. एक जाडजूड गृहस्थ म्हणाले, "खरंच की. बाई, आधी तुम्ही पिऊन दाखवा." मी पुढे होऊन म्हटलं, मी पितो. माझ्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही.

बायकोने फडकं सोडलं. पेला भरला, उचलला, ओठांपर्यंत नेला. मोसमभराची तपश्चर्या एका घोटात पाण्यात जाणार होती, आणि वहिनींच्या चेहऱ्यावर हसू फुटायच्या बेतात होतं.

तेवढ्यात बायको थांबली.

"मी पिऊन काय उपयोग?" ती गृहस्थांना म्हणाली. "विकणारी गोडच म्हणणार. माझं उगाच कौतुक करणार नाही असं माणूस इथे एकच आहे. या माझ्या जाऊबाई. त्या म्हणतील ते खरं." आणि पेला वहिनींपुढे धरला.

रांगेला हे एकदम पटलं.

"मी? सणाच्या आधी?" वहिनी दचकल्या. "मला उद्या रात्री नवं फळ..."

"आणि तिला नाही का?" रांगेतल्या एक आजीबाई कडाडल्या. "मघाशी तिला बरी प्यायला लावत होतीस!"

वहिनींचे कान लाल झाले. पण माघार घेतील त्या वहिनी कसल्या! आंबट म्हणून सांगायचं, या तयारीनेच त्यांनी पेला हिसकावला. एक घोट घेतला. थांबल्या. मग दुसरा घेतला, आणि पेला पालथा होईपर्यंत काही खाली ठेवला नाही.

"गोड आहे," त्या दात-ओठ खात म्हणाल्या. दुपारपर्यंत आमच्या पेट्या संपल्या.

दुसऱ्या रात्री पंगतीत बायकोने दाणे हातात घेतले आणि सगळ्यांत मोठ्या आवाजात आभार मानले. मला फार बरं वाटलं. मग वहिनींची पाळी आली. वहिनी ताटाकडे बघत बसल्या. आता बायको रक्ताचा विनोद सव्याज परत करणार, म्हणून मी सरसावून बसलो.

तिने पदराआडून कागदाची पुडी काढली. आत ताजी अंजिरं होती.

"जाऊबाई, यंदा अंजीर खाल्लंत?"

"नाही."

"मग घ्या. डाळिंबच हवं असं थोडंच आहे?"

वहिनींनी अंजीर हातात धरलं आणि हळूच विचारलं, "अगं, मग इतकी वर्षं स्वतःसाठी का नाही आणलंस?"

"वाट बघत होते," बायको म्हणाली, "कुणी माझ्यासाठी आणतंय का."

ती वहिनींकडे बघत नव्हती. आमच्या गाडीला लागूनच फळवाल्याची गाडी आहे, तिथून मी रोज येतो-जातो.